बोगद्यात बाई कुठे होती?

भयपटांवर आपल्या अंकांतून सहसा लिहिलं जात नाही. बाईचं किंचाळणं, बाईचं पळणं आणि शेवटी बाईचं प्रेत, एवढ्या भांडवलावर चालणारा हा धंदा आहे आणि त्याच्याकडे पाठ फिरवणंच बरं, अशी आपली साधारण भूमिका असते. ती मला चुकीची वाटत नाही. तरी 'डेथ लाइन' ह्या जुन्या ब्रिटिश चित्रपटाबद्दल लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. पुरोगामी मंडळी ह्या चित्रपटाचं मनापासून कौतुक करतात. भांडवलशाहीने जिवंत गाडलेल्या कामगारांची गोष्ट सांगणारा भयपट म्हणून. हे कौतुक खोटं नाही, पण त्यात एक मोठी जागा रिकामी राहते, आणि ती कुणाला खटकतही नाही.

ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. चित्रपट 1972 सालचा. दिग्दर्शक गॅरी शेरमन, अमेरिकन माणूस, त्याचा हा पहिलाच चित्रपट. पैसा बेताचा, पण नटसंच चांगला. डोनाल्ड प्लेझन्स पोलीस इन्स्पेक्टर आहे आणि क्रिस्टोफर ली एका प्रसंगापुरता येऊन जातो. कथा लंडनच्या भुयारी रेल्वेच्या रसेल स्क्वेअर स्टेशनात घडते. चित्रीकरण मात्र आल्डविच ह्या फारशी वर्दळ नसलेल्या स्टेशनात झालं, जे पुढे 1994 साली कायमचं बंदच झालं.

सुरुवात होते ती एका प्रतिष्ठित गृहस्थापासून. डोक्यावर गोल हॅट, अंगात उत्तम सूट. सोहो भागातल्या नग्ननाच्यांच्या दुकानांसमोरून तो रेंगाळत फिरतो आणि मग स्टेशनात उतरून फलाटावर एकट्या उभ्या असलेल्या बाईला 'भाव' विचारतो. ती गुडघ्याने त्याला त्याची जागा दाखवते आणि निघून जाते. मागे उरलेल्या त्या गृहस्थावर अंधारातून कुणीतरी झडप घालतं. शेवटच्या गाडीने आलेल्या एका तरुण जोडप्याला तो जिन्यात पडलेला सापडतो. मुलगा, अ‍ॅलेक्स, म्हणतो की दारुडा असेल, चल. मुलगी, पॅट्रिशिया, म्हणते की आजारी असेल, खिसे तरी बघ, मधुमेहाचं कार्ड असेल. खिशातून निघतं ते सरकारी मानाची ओ.बी.ई. ही पदवी असलेल्या बड्या अधिकाऱ्याचं नाव. पोलिसाला घेऊन परत येईपर्यंत माणूस गायब.

ह्या स्टेशनाच्या आसपास माणसं पूर्वीही नाहीशी झालेली आहेत, पण तपास चालू होतो तो ह्या बड्या नावामुळे. मग कळतं ते असं. 1892 साली इथे स्टेशन खोदताना बोगदा कोसळला होता. आत मजूर अडकले, पुरुष आणि बायाही. खोदणाऱ्या कंपनीचं दिवाळं वाजलं होतं, ढिगारा उपसायला पैसा नव्हता, म्हणून त्यांना तसंच सोडून दिलं गेलं. आतल्या माणसांनी एकमेकांना खाऊन जीव जगवला, त्यांना मुलं झाली, त्या मुलांना मुलं झाली. ऐंशी वर्षांनी शेवटचं जोडपं उरलं आहे. त्यातली बाई गरोदर आहे आणि मरणाला टेकली आहे.

ही 1892 ची दुर्घटना कल्पित आहे. प्रत्यक्षात लंडनची पहिली खोल विजेची भुयारी रेल्वे 1890 साली चालू झाली आणि रसेल स्क्वेअर स्टेशन उघडलं ते 1906 साली. पण कल्पना अचाट नाही. 'पैसे संपले म्हणून माणसं आत राहिली' हे वाक्य ऐकून आपल्याकडच्या कुठल्याही कामगार कार्यकर्तीला आश्चर्य वाटणार नाही.

ह्या गोष्टीतला पुरुष चित्रपटाने फार हळुवारपणे दाखवला आहे, हे कबूल करायला हवं. त्या भुयाराचं पहिलं दर्शन कॅमेरा सावकाश, न तोडता घडवतो. पाण्याचं ठिबकणं, कुजलेली प्रेतं, जुने ढिगारे, आणि त्यात हा अंगावर फोडं आलेला, बोलता न येणारा माणूस आपल्या आसन्नमरण बाईला काहीतरी भरवायला धडपडतो आहे. ती मरते तेव्हा तो गुरासारखा हंबरतो. तिला आधी गेलेल्यांच्या रांगेत नीट निजवतो. त्याला माणसांच्या भाषेतलं एकच वाक्य येतं, वरून गाड्यांच्या फलाटावरून ऐकू येणारं, 'माइंड द डोअर्स', म्हणजे दारं सांभाळा. दुःख झालं तरी तेच आणि विनवणी करायची तरी तेच. ह्यू आर्मस्ट्राँग ह्या नटाने हे काम असं केलं आहे की भीती कमी वाटते आणि पोटात कालवतं.

मी हा चित्रपट एका फिल्म सोसायटीत पाहिला. नंतरच्या चर्चेत सगळे ह्या माणसाबद्दलच बोलले. कुणी म्हणालं, खरा राक्षस ती कंपनी. कुणी म्हणालं, वरचे सुटाबुटातले नरभक्षक आणि हा खालचा नरभक्षक, फरक तो काय? हे सगळं मला पटत होतं. मग मी विचारलं की त्या बाईचं काय? चर्चा चालवणाऱ्यांनी विचारलं, 'कुठली बाई?'

बरोबर आहे त्यांचं. श्रेयनामावलीत तिला नाव नाही. ('द मॅन' लाही नाव नाही, पण निदान त्याला वाक्य आहे.) जून टर्नर ह्या नटीने केलेली ही 'द वूमन' सबंध वेळ आडवी आहे. तिला एक शब्द नाही, उठून बसणं नाही. ती दिसते, विव्हळते, पोटातल्या बाळासकट मरते. त्याच्या दुःखासाठी तिचं मरण लागतं, तेवढंच तिचं काम.

आता कथेच्या मुळाशी जाऊ. 1892 च्या त्या मजुरांत बाया होत्या असं चित्रपट सांगतो. त्या काय करत होत्या? घमेली उचलत होत्या, माती ओढत होत्या, की आणखी काही? कुणी सांगत नाही, कारण कथेला त्यांच्या श्रमाशी देणंघेणं नाही. कथेला त्यांचं गर्भाशय हवं आहे. ऐंशी वर्षं वंश चालायचा तर ढिगाऱ्याखाली बाया असाव्या लागतात, म्हणून त्या आहेत. मग ऐंशी वर्षं त्यांचं काय झालं असेल ह्याचा विचार मी करू लागले आणि खरी भीती मला तिथे वाटली. अंधारात, सुईणीवाचून, स्वच्छ पाण्यावाचून किती बाळंतपणं झाली असतील? किती जणी त्यात गेल्या असतील? 'नको' म्हणायची सोय होती का? माणसं मोजकी, वंश टिकवायचा, आणि बापभाऊ कोण नि नवरा कोण ह्याचा हिशेब दुसऱ्याच पिढीत संपलेला. हा सगळा इतिहास पोलिसांच्या तोंडच्या दोनतीन वाक्यांत उरकला जातो. प्रेक्षकांना 'एकमेकांना खाल्लं' ह्याची शिसारी येते, ह्याची येत नाही.

जमिनीखाली बाया खरोखर राबल्या आहेत, तो इतिहास ह्या चित्रपटापेक्षा अस्वस्थ करणारा आहे. ब्रिटनमध्ये कोळशाच्या खाणीत बायका आणि मुली कमरेला साखळी बांधून कोळशाच्या गाड्या ओढत होत्या. 1842 साली चौकशी आयोगाचा अहवाल चित्रांसकट निघाला आणि देश हादरला. पण हादरला तो कशाने? बारा-चौदा तास ओझं ओढण्याने जितका, त्याहून जास्त अर्ध्या कपड्यांतल्या बाया पुरुषांबरोबर अंधारात काम करतात ह्या गोष्टीने. त्याच साली कायदा झाला आणि सगळ्या वयाच्या स्त्रियांना खाणीत उतरायला बंदी झाली. सुटका झालीच, पण मजुरीही गेली, आणि त्या बदल्यात दुसरं काम कुणी दिलं नाही. पुढे 1887 साली खाणीच्या तोंडाशी, उघड्यावर कोळसा निवडण्याच्या कामावरूनही बायांना हटवण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा लँकशरच्या बाया लंडनपर्यंत गाऱ्हाणं घेऊन गेल्या आणि ते काम त्यांनी राखलं.

आपल्याकडेही हेच वळण आहे. 1930 च्या दशकात बायांना भूमिगत खाणकामातून काढलं गेलं. मग महायुद्धात मजूर कमी पडले तशी 1943 साली ही बंदी उठवली गेली. मध्य प्रांतातल्या, म्हणजे आपल्या विदर्भाकडच्या कोळसा खाणीही त्यात आल्या. अखिल भारतीय महिला परिषदेने कडाडून विरोध केला. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेल्या डॉ. आंबेडकरांना फेब्रुवारी 1944 मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात ह्या निर्णयाचं समर्थन करावं लागलं. ही आणीबाणीची, तात्पुरती तजवीज आहे असं त्यांनी सांगितलं, आणि बायांना पुरुषांइतकीच मजुरी ठरवल्याकडे लक्ष वेधलं. 1946 साली बंदी पुन्हा आली. 2019 साली केंद्र सरकारने तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामासाठी दिवसा बायांना खाणीत उतरायची मुभा दिली. गरज लागली की उतरवायचं, गरज सरली की वर काढायचं, आणि दोन्ही वेळा तिच्या भल्याचं नाव पुढे करायचं! अर्थात बंदी असावी की नसावी ह्यावर आपल्यातही एकमत नाही, आणि तो वाद इथे उकरत नाही.

लंडनच्या बोगद्यांत तर बाया होत्याच, भूत म्हणून नव्हे, नोकर म्हणून. रात्री गाड्या थांबल्या, रुळांतली वीज बंद झाली की साफसफाई करणाऱ्यांच्या टोळ्या बोगद्यात उतरत. प्रवाशांचे केस, कपड्यांचे धागे, धूळ ह्यांचे थर रुळांत साठतात आणि त्याने आग लागू शकते, म्हणून ते हाताने झाडून, खरवडून काढायचं. ह्या कामावर प्रामुख्याने बाया असत, 'फ्लफर्स' हे त्यांचं टोपणनाव. मॉली डिनीन ह्या दिग्दर्शिकेने 1989 साली एंजल स्टेशनावर बीबीसीसाठी केलेल्या 'हार्ट ऑफ द एंजल' ह्या माहितीपटात त्या दिसतात. 'डेथ लाइन' मध्ये तो माणूस बाई मेल्यावर पिसाळून रात्रपाळीच्या तीन कामगारांना मारतो, ते तिघेही पुरुष. ज्या बोगद्यात रोज रात्री खरोखर बाया झाडू घेऊन उतरत होत्या, तिथे चित्रपटकर्त्याला बाई दिसली ती फक्त बाळंतीण म्हणून किंवा सावज म्हणून.

आणि त्या तीन कामगारांचं काय? ते त्याच्याच वर्गाचे. त्यांच्या मरणावर चित्रपट थांबत नाही, चर्चेत त्यांचं नावही निघालं नाही. वर्गाची कणवसुद्धा शेवटी एकाच माणसावर खर्च होते.

पुढे पॅट्रिशियाची पाळी येते. स्टेशनात गाडीची दारं मध्ये येतात, अ‍ॅलेक्स आत राहतो, ती फलाटावर एकटी. तो माणूस तिला उचलून भुयारात नेतो. मेलेल्या जोडीदारणीच्या जागी त्याला ही हवी आहे. तिच्यासमोर तो परत परत 'माइंड द डोअर्स' म्हणतो, रडकुंडीला येतो, चिडतो. हा प्रसंग कौतुक करणाऱ्यांना सगळ्यांत करुण वाटतो. बिचारा, त्याला फक्त बोलायचं आहे! मला तो प्रसंग पॅट्रिशियाच्या जागेवरून पाहावा लागला, कारण दुसऱ्या जागेवरून तो मला पाहताच येत नाही. पळवून आणलेली, अंधारात, प्रेतांच्या मधे बसलेली मुलगी, आणि समोर स्वतःच्या दुःखाने वेडा झालेला पुरुष, जो तिला सोडणार नाही. त्याचं दुःख खरं आहे. म्हणून तिने काय करायचं?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. समुपदेशन केंद्रात आठवड्यातून एकदा तरी हे वाक्य ऐकू येतं, 'काम सुटल्यापासून मारायला लागले, तसे वाईट नाहीत हो.' बाईचं तोंड सुजलेलं असतं आणि ती त्याच्या वतीने बोलत असते. मागे सासू असते, तीही तेच सांगते. आणि पुष्कळदा आपले संघटनेतले पुरुष सहकारीही, थोड्या शास्त्रीय भाषेत, तेच सांगतात. परिस्थितीने माणसाचं जनावर केलं, परिस्थिती बदला, हे सगळं आपोआप थांबेल. आधी वर्ग, मग बाई! ह्या वादात आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांची उमेदीची वर्षं गेली. मी म्हणते, परिस्थिती जरूर बदला, आम्हीही त्याच मोर्चात आहोत. पण त्याच परिस्थितीत ती बाईही होती. ढिगारा तिच्याही डोक्यावर कोसळला होता. तिने कुणाला उचलून नेलं?

चित्रपटाला हे अजिबात कळत नाही असं मी म्हणणार नाही. भाव विचारणाऱ्या प्रतिष्ठितापासून सुरुवात करून तो भुयारातल्या माणसापर्यंत येतो, ह्यात काही संगती दिग्दर्शकाच्या मनात असणारच. वरचा पैसे टाकून बाई मागतो, खालच्याकडे पैसे नाहीत म्हणून तो उचलून नेतो. पण संगती दाखवून तो थांबतो आणि खालच्याला माफ करतो. अमेरिकेतल्या वितरकांनी तर तेवढीही चाड ठेवली नाही. तिथे 'रॉ मीट', म्हणजे कच्चं मांस, ह्या नावाने चित्रपट लावला आणि जाहिरातीच्या चित्रावर चित्रपटात कुठेच नसलेल्या फाटक्या कपड्यांतल्या बायांचा घोळका काढला.

बत्तीस वर्षांनी, 2004 साली, क्रिस्टोफर स्मिथ ह्या नवख्या दिग्दर्शकाने 'क्रीप' नावाचा भयपट त्याच आल्डविच स्टेशनात काही भाग चित्रित करून केला. केट ही तरुण बाई रात्री स्टेशनात झोप लागून कोंडली जाते. रिकाम्या गाडीत पाठलाग करत आलेला तिचा सहकारी तिच्यावर बलात्काराचा प्रयत्न करतो, आणि भुयारातला विकृत खुनी त्यालाच ओढून नेतो. म्हणजे ओळखीच्या पुरुषाचा गुन्हा अनोळखी राक्षसाने परस्पर मिटवला, कुणाला जाब द्यायला नको! केट उर्मट आहे, पैशाने मदत विकत घेऊ बघते, म्हणून ती आवडत नाही असं प्रेक्षक म्हणतात. आवडायला कशाला हवी? बाईला वाचवण्याआधी तिच्या स्वभावाचा दाखला मागण्याची ही खोड आपण ओळखतो. मथुरा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत तिचं चारित्र्यच चघळलं गेलं, आणि फिर्यादी बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारं पुराव्याच्या कायद्यातलं कलम जायला 2002 ची दुरुस्ती यावी लागली. पण 'क्रीप' मध्ये मला जास्त बोचली ती मँडी. बेघर, स्टेशनातच राहणारी. खुनी तिला शस्त्रक्रियेच्या टेबलावर बांधून डॉक्टरची नक्कल करत मारतो, आणि कॅमेरा हे लांबवून लांबवून दाखवतो. केट जगते. शेवटी सकाळी ती मळक्या, फाटक्या अवस्थेत फलाटावर बसलेली असताना एक प्रवासी तिला भिकारीण समजून नाणं टाकतो. हा शेवट चांगला आहे. पण तिथवर यायला मँडीचं शरीर वापरावं लागलं, आणि ते गरीब बाईचं होतं म्हणून इतकं मनसोक्त वापरता आलं.

'डेथ लाइन' तयार झाला त्याच वर्षांत लंडनमध्ये रात्रीच्या बायांची एक खरी लढाई चालू होती. रात्रभर कार्यालयं झाडणाऱ्या, दिवसा मुलं सांभाळणाऱ्या बायांना संघटित करायचं काम मे हॉब्ज ही स्वतः सफाई कामगार असलेली बाई करत होती. स्त्री-मुक्ती गटांतल्या मुली रात्री इमारतींच्या दाराशी पत्रकं वाटत. 1972 साली फुलहॅम भागातल्या एम्प्रेस स्टेट बिल्डिंगमध्ये ह्या बायांनी संप केला. बर्विक स्ट्रीट कलेक्टिव्हने ह्या लढ्यावर 'नाइटक्लीनर्स' हा चित्रपट केला, तो 1975 साली आला. प्रचारपट हवा होता तिथे संथ, मधेमधे पडदा काळा करणारा प्रायोगिक चित्रपट निघाला, म्हणून चळवळीतल्याच बाया त्यावर नाराज झाल्या. मला तो थकवणारा वाटला, पण खोटा नाही वाटला. उजळलेल्या खिडकीत एकटी बाई टेबलं पुसते आहे आणि बाहेर अंधार, ह्यात भयपटातल्या कुठल्याही चौकटीपेक्षा जास्त एकटेपणा आहे.

तेव्हा माझी सूचना अशी. ज्या गटांना शिबिरात चित्रपट दाखवून चर्चा घ्यायची असेल, त्यांनी 'डेथ लाइन' एकटा दाखवू नये. आधी 'हार्ट ऑफ द एंजल' दाखवावा, तो जेमतेम चाळीस मिनिटांचा आहे. त्यानंतर 'डेथ लाइन', साधारण दीड तास. रक्तमांस बरंच आहे, तेव्हा आधी सांगावं आणि ज्यांना उठून जायचं असेल त्यांच्यासाठी दार उघडं ठेवावं. दोन्ही इंग्रजीत आहेत, मधे थांबवून कुणीतरी मराठीत सांगत जावं लागेल. चर्चेची सुरुवात मात्र 'राक्षस कोण' ह्या प्रश्नाने करू नये, त्यावर सगळेच हुशारीने बोलतात. त्या नाव नसलेल्या बाईला बोलता आलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे प्रत्येकीने दोन ओळींत लिहून काढावं. आमच्या वस्तीतल्या गटात हे केलं तेव्हा घरकाम करणाऱ्या एका ताईंनी लिहायला सांगितलं, 'मला आधी पाणी द्या, मग रडा.'